आरशाची दुर्बीण घेतलीत, आता तिच्याकडून काम कसं घ्यायचं?

"ही किती मोठं करून दाखवते?" नवी दुर्बीण पाहिली की प्रत्येकाच्या तोंडी हाच प्रश्न येतो. त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे: ही प्रकाश किती गोळा करते, आणि मला तो कशासाठी हवा आहे? अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. १५० मिलिमीटरचा, म्हणजे साधारण सहा इंची आरसा तिच्या सुमारे साडेचारशे पट प्रकाश जमा करतो. परावर्ती, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीचे सगळे उपयोग या एका गोष्टीतून निघतात.

हा लेख नवशिक्यांसाठी आहे. सहा किंवा आठ इंची न्यूटन पद्धतीची दुर्बीण डॉब्सन बैठकीवर बसवलेली आहे, किंवा लवकरच घ्यायची आहे, असं मी धरून चालतो. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्याच रात्री दीर्घिका शोधायला निघालेली माणसं महिन्याभरात दुर्बीण माळ्यावर टाकताना मी पाहिली आहेत, आणि दर वेळी मला त्याचं वाईट वाटतं.

आरसाच का?

भिंगातून जाताना वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश वेगवेगळा वळतो, म्हणून जुन्या भिंगांच्या दुर्बिणीत ताऱ्याभोवती रंगीत झालर दिसायची. आरशावरून परतताना सगळे रंग सारखेच वळतात. न्यूटनने १६६८ मध्ये तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचा छोटा आरसा घासून पहिली चालणारी परावर्ती दुर्बीण केली ती यासाठीच. दुसरं कारण वजनाचं. भिंगाला फक्त कडेने धरता येतं, त्यामुळे ते मोठं झालं की स्वतःच्या भाराने वाकतं. अमेरिकेतल्या यर्किस वेधशाळेतलं १८९७ चं ४० इंची भिंग हे खगोल निरीक्षणासाठी नेटाने वापरात राहिलेलं सगळ्यात मोठं भिंग ठरलं. आरशाला मात्र पाठीमागून हवे तितके आधार देता येतात. म्हणून मोठ्या संशोधन दुर्बिणी आज सगळ्या आरशांच्याच आहेत: जुन्नरजवळ गिरावलीला आयुका या पुण्यातल्या खगोल संशोधन संस्थेची २ मीटरची, नैनितालजवळ देवस्थळला ३.६ मीटरची, अंतराळातली हबल २.४ मीटरची आणि जेम्स वेब ६.५ मीटरची.

आणि लहान आरशाला कमी लेखू नका. विल्यम हर्शेलने १३ मार्च १७८१ ला इंग्लंडमधल्या बाथ गावी, घराच्या बागेतून युरेनस शोधला तो सव्वासहा इंचांच्याही आतल्या, स्वतः घासलेल्या आरशाने. आपल्या पुण्यातही १८८८ मध्ये कावसजी नायगमवाला यांनी कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण कित्येक वर्षं भारतातली सर्वांत मोठी होती. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि ती कोडाईकनालला गेली. पुण्यातल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे.

पायरी १: घेण्याआधी टेप लावा

दुर्बिणीवर दोन आकडे लिहिलेले असतात: आरशाचा व्यास आणि नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतचं अंतर. सहा इंचीवर बहुधा १५० आणि १२०० असतात. न्यूटन पद्धतीत नळीची लांबी साधारण नाभीय अंतराएवढी असायला हवी. खोक्यावर नाभीय अंतर १००० मिलिमीटर आणि नळी हातभर, असं दिसलं तर आत एक जादा भिंग घालून हिशोब जुळवलेला असतो. अशा स्वस्त दुर्बिणीत चित्र कधीच नीट ठरत नाही आणि आरसे जुळवणंही अवघड होतं. ती घेऊ नका. "६७५ पट" वगैरे छापलेलं खोकंही तिथेच ठेवा. मिलिमीटरमधल्या व्यासाची दुप्पट ही वर्धनाची, म्हणजे किती पट मोठं दिसेल याची, वरची मर्यादा, आणि आपल्या हवेत १५० ते २०० पटींच्या पुढे जाण्याजोग्या रात्री मोजक्याच मिळतात.

बैठक डॉब्सन पद्धतीचीच घ्या. जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोत रामकृष्ण परंपरेतल्या वेदांत मठात संन्यासी होते. त्यांनी प्लायवूड, पुठ्ठ्याची नळी असल्या साध्या सामानातून मोठ्या दुर्बिणी बांधायची पद्धत रूढ केली आणि त्या फुटपाथवर उभ्या करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवलं. या बैठकीत मोटर नाही, की काही शिकायचं नाही. हाताने ढकलायचं, बस. तिपाईवरच्या डुगडुगत्या बैठकीपेक्षा ती शतपटीने बरी. सहा इंची की आठ इंची? चौथ्या मजल्यावर राहत असाल आणि लिफ्ट नसेल तर सहा इंची. जी वारंवार बाहेर निघेल तीच घ्यावी.

घाई नसेल तर आरसा स्वतः घासायचाही विचार करा. काचेच्या दोन जाड चकत्या, त्यांच्यामध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि हाताची मागे-पुढे चाल. यातून वरची काच आपोआप खोलगट होत जाते. मग सिरियम ऑक्साइडने झिलई आणि शेवटी आरशाचा आकार तपासणारी फूकोची चाचणी. आयुकाने आणि राज्यातल्या हौशी मंडळांनी अशा बांधणीच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, कल्याणला आकाशमित्र मंडळ आहे. पैसे भरण्याआधी यांच्यापैकी कुणाच्या तरी कार्यक्रमाला जाऊन दोन-तीन वेगवेगळ्या दुर्बिणींतून एकदा डोळ्यांनी पाहून या.

पायरी २: फाइंडर दिवसाच जुळवा

मुख्य नळीवर बसवलेला छोटा फाइंडर आणि मुख्य दुर्बीण एकाच जागी बघत नसतील तर रात्र वाया जाते. संध्याकाळी उजेड असताना किमान अर्धा किलोमीटर लांबचा मोबाईल टॉवर किंवा पाण्याच्या टाकीचं टोक मोठ्या नळीत मधोमध आणा. त्यासाठी २५ मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावा. मग नळी न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक फाइंडरच्या फुलीवर आणा. झालं.

टॉवर उलटा दिसेल. न्यूटन पद्धतीच्या दुर्बिणीत चित्र उलटंच दिसतं आणि आकाशात त्याने काही बिघडत नाही. पक्षी बघायला मात्र ही दुर्बीण उपयोगाची नाही.

वर्धनाचा हिशोब इथेच करून टाका. नाभीय अंतराला आयपीसच्या आकड्याने भागायचं: १२०० भागिले २५ म्हणजे ४८ पट, १२०० भागिले १० म्हणजे १२० पट. शोधायला नेहमी मोठ्या आकड्याचा आयपीस वापरा. ४८ पटींना आकाशाचा साधारण एक अंश दिसतो आणि विषुववृत्ताजवळचा तारा तो चार मिनिटांत ओलांडतो. १२० पटींना तोच तारा पावणेदोन मिनिटांच्या आत निघून जातो. पृथ्वी फिरते हे आयपीसमध्ये असं डोळ्यांदेखत दिसतं.

पायरी ३: आरसे जुळवणं

इथे सावकाश वाचा. परावर्ती दुर्बिणीला दोन आरसे असतात, तळाशी मोठा आणि तोंडाजवळ ४५ अंशांत तिरका बसवलेला छोटा. गाडीतून नेताना, जिने चढवताना ते किंचित हलतात. हलले की गुरू पसरट दिसतो, ताऱ्याला शेपूट फुटतं, आणि मालकाला वाटतं दुर्बीणच खराब निघाली. बाजारात लेझर मिळतात, पण ते स्वतःच वाकडे असण्याची शक्यता असते. सुरुवातीला फोकसरचं, म्हणजे आयपीस ज्या सरकत्या नळीत बसतो तिचं, प्लास्टिकचं झाकण पुरतं. त्याच्या बरोबर मधोमध २ मिलिमीटरचं भोक पाडा. मोठ्या आरशाच्या केंद्रावर कारखान्यातून एक छोटी कडी चिकटवलेली असते. ती आरशाच्या ज्या भागावर असते तो तसाही छोट्या आरशाच्या सावलीत असतो, त्यामुळे तिचा अडथळा होत नाही.

नळी आडवी ठेवा. हे महत्त्वाचं आहे, कारण हातातून पाना किंवा स्क्रू सुटला तर तो मोठ्या आरशावर पडता कामा नये. फोकसरला झाकण लावून भोकातून आत बघा. पहिल्यांदा सगळंच गोंधळाचं वाटेल. बाहेरून आत असं बघत या: आधी फोकसरच्या नळीची कड, तिच्या आत छोट्या आरशाची गोल कड, तिच्या आत मोठ्या आरशाचं अख्खं प्रतिबिंब, त्याच्या आत छोट्या आरशाची काळी आकृती आणि तिला धरणाऱ्या पट्ट्या, आणि अगदी मध्ये तुमच्याच भोकाचा ठिपका. ही सगळी वर्तुळं एकात एक बसली की काम झालं.

आधी पाहा, छोटा आरसा फोकसरखाली गोल आणि मध्यभागी दिसतो का. नवीन दुर्बिणीत बहुधा दिसतो. तसं असेल तर त्याच्या मधल्या स्क्रूला हात लावू नका. मग छोट्या आरशामागचे तीन बारीक स्क्रू. मोठ्या आरशाला धरणाऱ्या तीन पकडी असतात; त्या तिन्ही सारख्या दिसेपर्यंत हे स्क्रू थोडे थोडे फिरवा. एक घट्ट करण्याआधी दुसरा सैल करा, जोर लावू नका. शेवटी नळीच्या तळाचे मोठे स्क्रू. तिथे अडकवणारे स्क्रू आधी सैल करायचे, मग जुळवणारे फिरवून ती चिकटवलेली कडी भोकाच्या ठिपक्याभोवती आणायची. एकाने भोकातून बघायचं आणि दुसऱ्याने खाली स्क्रू फिरवायचा, असं केलंत तर पाच मिनिटांत होतं. घरातल्या मुलांना हे काम मनापासून आवडतं.

रात्री याची खातरजमा ताऱ्यावर करा, आणि त्यासाठी ध्रुवतारा धरा. पुण्याहून तो क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असतो आणि जागचा जवळजवळ हलत नाही, त्यामुळे मोटर नसलेल्या बैठकीवर तोच सोयीचा. १२० पटींना तो मधोमध आणून फोकस किंचित बिघडवा. एकात एक प्रकाशाची कडी आणि मध्ये काळा ठिपका दिसेल. ठिपका एका बाजूला सरकलेला असेल तर तळाचा एक स्क्रू पाव वळसा फिरवा, तारा पुन्हा मध्ये आणा आणि बघा, सुधारलं की बिघडलं. बिघडलं तर उलट फिरवा. दर वेळी तारा मध्ये आणायचा कंटाळा करू नका. कडेला असलेला तारा खोटी साक्ष देतो.

पायरी ४: हवेचा अंदाज

घरातून काढलेला आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर त्याच्यावरून उठणारी गरम हवा चित्र थरथरवते. म्हणून जेवायला बसण्याआधी दुर्बीण बाहेर ठेवा. दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची आणि शेजारचा पत्रा रात्री बराच वेळ उष्णता सोडत राहतात. मातीचं अंगण किंवा गवत कधीही चांगलं. डोक्यावरचे तारेसुद्धा जोरात लुकलुकत असतील तर त्या रात्री ग्रहांचा नाद सोडा आणि कमी वर्धनाचं काम करा.

पायरी ५: पहिला महिना चंद्राचा

शहरातल्या उजेडाला चंद्र जुमानत नाही, शोधावा लागत नाही, आणि सहा इंचीतून त्याच्यावरच्या दीड-दोन किलोमीटरच्या खुणाही वेगळ्या ओळखू येतात. एक लक्षात ठेवा, पौर्णिमेला दुर्बीण काढू नका. त्या दिवशी सूर्य चंद्राच्या बरोबर समोर असतो, सावल्या पडत नाहीत आणि सगळा देखावा सपाट होतो. पाहायचं ते उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर, कारण तिथे नुकता सूर्योदय होत असतो.

या कामाला आपलं पंचांग फार उपयोगी पडतं, कारण तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातल्या अंतराचंच माप. दर बारा अंशांना एक तिथी. शुद्ध अष्टमीला अपेनाईन पर्वतरांग सीमारेषेवर उजळायला लागते. नवमीला मेघसागरात सरळ भिंत शोधा: सुमारे ११० किलोमीटर लांबीची, एका रेषेत गेलेली काळी चीर. ती कड्यासारखी दिसते, प्रत्यक्षात उतार बराच सौम्य आहे. सूर्य इतका खाली असतो की दोन-तीनशे मीटरचा चढही लांब सावली टाकतो. त्याच रात्री दक्षिणेकडे टायको दिसेल. दशमीला ९३ किलोमीटर व्यासाचं कोपर्निकस विवर पाहा. त्याच्या आतल्या भिंतींवरच्या पायऱ्या आणि मधली शिखरं १२० पटींना स्पष्ट दिसतात. तिथेच तासभर थांबलात तर काळोखातून एखादं शिखर ठिणगीसारखं उजळताना दिसतं.

कागद-पेन्सिल घेऊन एका विवराचं चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल. वर्तुळ काढून सावली कुठवर पडली आहे तेवढं दाखवायचं. दहा मिनिटं चित्र काढणारा डोळा नुसत्या बघणाऱ्या डोळ्यापेक्षा कितीतरी जास्त टिपतो आणि पुढे अंधुक वस्तू बघताना ही सवय कामी येते.

पायरी ६: ग्रह

गुरूचे चार मोठे चंद्र ४८ पटींतही दिसतात. रोज त्यांच्या जागा टिपून ठेवा. आयो पावणेदोन दिवसांत एक फेरी मारतो, त्यामुळे एका संध्याकाळीसुद्धा हालचाल कळते. एखाद्या चंद्राची सावली गुरूच्या पट्ट्यांवरून काळ्या टिंबासारखी सरकताना पाहिलीत तर तुम्हाला वेगळं काही सांगावं लागणार नाही. शनीची कडी २०२५ मध्ये जवळजवळ कडेवरून दिसत होती. पुढची काही वर्षं ती उघडत जातील. शनीचा टायटन हा चंद्र सहा इंचीत सहज दिसतो. मंगळ दर २६ महिन्यांनी जवळ येतो, तेवढे दोन महिने त्याला द्या. एरवी तो लहानसा नारिंगी ठिपका आहे. शुक्रात ढग दिसत नाहीत, पण चंद्रासारख्या कला दिसतात.

सूर्याबद्दल

परावर्ती दुर्बिणीतून सूर्य बघायचा एकच सुरक्षित मार्ग आहे: नळीच्या तोंडावर, पूर्ण व्यासाला झाकणारा, खास सूर्यासाठी बनवलेला फिल्टर. तो पट्ट्यांनी पक्का बांधा आणि वापरण्याआधी उजेडाकडे धरून त्याला भोक पडलेलं नाही ना, ते पाहा. आयपीसमध्ये बसवायचा छोटा काळा फिल्टर जुन्या दुर्बिणीबरोबर आला असेल तर तो फेकून द्या. एकवटलेल्या उष्णतेने तो तडकतो आणि डोळा कायमचा जातो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, हेही चालत नाही. न्यूटन दुर्बिणीतून कागदावर सूर्याचं प्रतिबिंब पाडायचा प्रयोगही करू नका, छोटा आरसा आणि आयपीस तापून खराब होतात. फाइंडरवर झाकण लावा किंवा तो काढूनच ठेवा, आणि दुर्बीण सोडून पाणी प्यायलाही जाऊ नका. घरात मुलं असतात.

पायरी ७: जोडतारे

सप्तर्षींतल्या वसिष्ठाशेजारी अरुंधती नुसत्या डोळ्यांनी दिसते. लग्नात वधूवरांना दाखवतात ती हीच. आता दुर्बीण वसिष्ठावर लावा. अरुंधती बरीच लांब सरकते आणि वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांत फुटतो, एकमेकांपासून १४ विकलांवर (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). मला विचाराल तर शहरातून दाखवण्याजोगं याहून चांगलं काही नाही, विशेषतः आजी-आजोबांना. हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ पाहा, एक पिवळसर नारिंगी आणि दुसरा निळसर. आरशाला स्वतःचा रंगदोष नसल्यामुळे हे रंग खरे असतात. जोडताऱ्यांना चांदणी रात्र किंवा शहराचा उजेड अडवत नाही, म्हणून गावाबाहेर जाता येत नाही त्या आठवड्यांत हेच काम धरा.

पायरी ८: अंधाऱ्या आकाशाखाली

आता गाडी काढा. तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका यांना अमावास्येचा आठवडा आणि शहरापासून लांबची जागा लागते. वांगणीला मुंबईच्या खगोलप्रेमींनी कित्येक रात्री जागवल्या. आता उजेड तिथवर पोहोचला आहे. भंडारदऱ्याच्या बाजूला आकाश अजून बरं आहे. विदर्भातल्यांच्या हाताशी पेंच व्याघ्र प्रकल्प आहे, त्याला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

तिथे पोहोचल्यावर अर्धा तास मोबाईल बंद ठेवा आणि टॉर्चला लाल कागद लावा. अंधुक वस्तूकडे थेट न बघता तिच्या जरा बाजूला नजर ठेवा. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग अंधारात आंधळा असतो, कडेचा भाग जास्त संवेदनशील. नळी बोटाने हलकेच टकटकवली की हलणारी अंधुक वस्तू पटकन लक्षात येते. रंगांची अपेक्षा ठेवू नका. छायाचित्रांतले जांभळे-गुलाबी रंग कॅमेऱ्याने मिनिटं किंवा तास प्रकाश साठवून मिळवलेले असतात, डोळ्याला ते राखाडीच दिसणार.

थंडीत मृगाच्या तलवारीतला एम ४२ तेजोमेघ आणि त्यातले ट्रॅपेझियमचे चार तारे. दिवाळीच्या सुमाराला देवयानीतली एम ३१ दीर्घिका. तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघाला आहे. १९२३ मध्ये एडविन हबलने माउंट विल्सनच्या १०० इंची परावर्ती दुर्बिणीने तिच्यातला एक रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा तारा हेरला, आणि त्यावरून ती आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर आहे हे ठरलं. तुम्हाला तिचा लांबट, मध्ये उजळ असा धुरकट डाग दिसेल. तो पाहताना हे ठाऊक असलं की डागाकडे बघायची नजर बदलते.

एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेकडे नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी चुकवू नका. एक कोटीच्या आसपास तारे असलेला हा गोलाकार तारकागुच्छ पुण्याहून २४ अंशांपर्यंत वर येतो, गोव्याहून आणखी तीन अंश वर. लंडनहून तो उगवतच नाही, म्हणून तिकडच्या नवशिक्यांच्या याद्यांत तो नसतो. आठ इंचीतून त्याच्या कडा ताऱ्यांच्या बारीक दाण्यांत सुटतात आणि मध्यभागही कणाकणांचा दिसतो. माझ्या मते आपल्या अक्षांशांवरचा हा सर्वांत देखणा देखावा आहे, आणि दक्षिण क्षितिज मोकळं मिळावं एवढ्यासाठी जागा बदलायलाही हरकत नाही.

पावसाळा आणि निगा

जून ते सप्टेंबर दुर्बीण बंद असते, आणि नुकसान त्याच महिन्यांत होतं. आयपीस सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, जेल रंग बदलला की तव्यावर गरम करून पुन्हा वापरा. नळीची दोन्ही तोंडं झाका, पण दवाने ओली झालेली नळी तशीच झाकू नका. आधी कोरड्या खोलीत उघडी वाळू द्या. कोकणात तर पावसाळ्यातही अधूनमधून उघडून पाहत जा.

आरशावरची धूळ दिसते त्यामानाने निरुपद्रवी असते. ती फडक्याने पुसलीत तर ॲल्युमिनियमच्या लेपावर कायमचे ओरखडे पडतात. फारच मळला तर आरसा बाहेर काढून नळाच्या कोमट पाण्याची धार सोडा, सौम्य साबणाचे दोन थेंब घातलेल्या पाण्यात भिजवा, कापसाचा बोळा नुसता त्याच्या वजनाने वरून सरकवा, शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओतून उभा वाळत ठेवा. अंगठ्या आधी काढा. वर्ष-दोन वर्षांत एकदा पुरतं. काही वर्षांनी लेप विटला की तो पुन्हा देऊन घेता येतो, नवा आरसा घ्यायची गरज नसते.

पायरी ९: नोंदी पाठवा

इथवर आलात की तुमच्या दुर्बिणीचा खगोलशास्त्रालाही उपयोग होऊ शकतो. रूपविकारी ताऱ्यांचं तेज कमी-जास्त होत असतं, त्यांची संख्या प्रचंड आहे, आणि मोठ्या वेधशाळांना प्रत्येकाकडे रोज लक्ष ठेवणं जमत नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था १९११ पासून जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी जमवते आणि संशोधक त्या वापरतात. कुणीही नोंद पाठवू शकतो.

सुरुवात तिमिंगलातल्या मीरापासून करा. साधारण ३३२ दिवसांत ती नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतकी तेजस्वी होते आणि नवव्या प्रतीपर्यंत मंदावते (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद). सहा इंचीतून तिचा अख्खा फेरा धरता येतो. तिच्यासोबत उत्तर मुकुटातला टी कोरोनी बोरिॲलिस ठेवा. एरवी तो दहाव्या प्रतीचा, फक्त दुर्बिणीतून दिसणारा तारा आहे, पण १८६६ आणि १९४६ मध्ये तो एकाएकी उफाळून नुसत्या डोळ्यांना दिसू लागला होता.

पद्धत अशी: संस्थेच्या संकेतस्थळावरून त्या ताऱ्याचा नकाशा उतरवून घ्या. भोवतीच्या ताऱ्यांच्या प्रती त्यावर दशांश चिन्हाशिवाय छापलेल्या असतात, म्हणजे टिंब आणि तारा यांत घोळ होत नाही. ७८ म्हणजे ७.८. तुमच्या ताऱ्यापेक्षा किंचित तेजस्वी आणि किंचित मंद असे दोन तारे निवडा. समजा ते ७८ आणि ८४ आहेत, आणि तुमचा तारा पहिल्यापासून निघून दुसऱ्याच्या बाजूला दोन-तृतीयांश वाटेवर वाटतो; मग नोंद ८.२. दोन्ही ताऱ्यांकडे आळीपाळीने बघा, एकाकडे टक लावून बसू नका. लाल तारे बघता बघता अधिक तेजस्वी वाटू लागतात, म्हणून मीरावर पटकन नजर टाकून निर्णय घ्या. मागच्या आठवड्यातला आकडा आधी उघडून बघू नका, नाहीतर डोळा त्याच्याच जवळपास घुटमळतो.

वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची: आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. रात्री साडेनऊची नोंद १६:०० अशी जाईल, आणि पहाटे साडेपाचच्या आधीची नोंद असेल तर तारीख आदल्या दिवसाची पडेल.